इंकिंगीचा वाटा

गिहांगाने त्या सकाळी पोराला खोकून हाकललं, तेव्हा रुतेबुकाला आपल्याच पाठीत कुणी गुद्दा घातल्यासारखं झालं.

"काय हा बाप आहे!" तो मास्कच्या आड पुटपुटला. "पोटच्या पोराला चार घास सुखाने खाऊ देत नाही."

"पोट त्याच्या आईचं, बेझाचं होतं, याचं नव्हे," शेजारी बसलेला गातेरा म्हणाला. "आणि हळू बोल जरा. तुझं ऐकून म्हातारा इकडे वळला, तर आपल्या दोघांना आटोपायला त्याला एक हात पुरे."

समोरच्या ओल्या उतारावर गिहांगाचं गोरिला-कुटुंब रसाळ देठ सोलून खात बसलं होतं. माद्या, कडेवरची पिल्लं, आणि मधोमध पांढऱ्या पाठीचा धिप्पाड गिहांगा. इंकिंगी मात्र पार टोकाला, बांबूच्या आडोशाला बसला होता. त्याची पाठ अजून काळीच होती, पण छाती भरली होती, खांदे बापाच्या बरोबरीला आले होते, आणि नेमकं तेच बापाच्या डोळ्यांत खुपत होतं. कालपरवापर्यंत ज्या माद्या त्याच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, त्यांच्याजवळ तो सरकला की गिहांगा घशातून कोरडा, तुटक खोकला काढायचा. हा खोकला म्हणजे 'चालता हो'. गोरिलांत त्याचा दुसरा अर्थ नाही.

रुतेबुका आणि गातेरा माग काढणारे. रोज सकाळी गावची शेतं आणि जंगल यांच्यामधली दगडी भिंत ओलांडून आत शिरायचं, आदल्या रात्रीची पानांची अंथरुणं शोधायची, आणि तिथून खुणा बघत बघत कुटुंब गाठायचं. दोघांचं उभं आयुष्य साब्यिन्यो डोंगराच्या या उतारावर गेलं होतं. इंकिंगी जन्मला त्या दिवशी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते रुतेबुकाने. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा नावही त्यानेच सुचवलं. इंकिंगी म्हणजे खांब. "बापानंतर हाच या घराचा खांब," असं तो बाजारात, चर्चबाहेर, दारूच्या गाडग्याभोवती सगळ्यांना सांगत सुटायचा. काही पोरं खरंच बापाजवळ राहतात आणि पुढे कुटुंब सांभाळतात, हे त्याने पाहिलेलं होतं. काही निघून जातात, हेही पाहिलेलं होतं. पण आपल्या पोराच्या बाबतीत वाईट तेवढं खोटं ठरणार असं माणूस धरून चालतो. रुतेबुका काही वेगळा नव्हता.

त्या सकाळी त्याला राहवलं नाही. तो सरपटत जरा पुढे गेला, नियमाचं अंतर राखून बसला, आणि घशातल्या घशात हुंकारला. "म्म्... हं."

हा हुंकार माग काढणाऱ्यांनी गोरिलांकडूनच उचललेला. पोटभर खाऊन निवांत बसलेला गोरिला असा हुंकारतो आणि दुसरा त्याला उत्तर देतो. मी इथे आहे, सगळं ठीक आहे, घाबरू नको, एवढं सगळं त्यात येतं. माणसाने तो दिला की गोरिला खाणं सोडून उठत नाहीत.

इंकिंगीने मान वळवली. "म्म्... हं," तो म्हणाला.

"झालं," गातेराने सुस्कारा सोडला. "बोलणी सुरू झाली. आता सोयरीकही जमवून टाक."

हुंकाराची ही सवय रुतेबुकाच्या घरातही शिरली होती. बायकोने काही विचारलं की तो तोंड न उघडता हुंकारायचा. "कायितारेचे बाबा," मुकांकुसी म्हणायची, "मी माणसाशी लग्न केलं होतं हो. माझ्या आईबापांनी चांगलं निरखून दिलं होतं मला. हा गोरिला कधी झाला ते कळलंच नाही."

"म्म्... हं," रुतेबुका म्हणायचा.

त्या घरात त्या वर्षी एकच विषय होता, तो कायितारेच्या लग्नाचा. तिकडची रीत अशी की पोरगा संसाराला लागला की बापाने आपल्या जमिनीतला तुकडा त्याला तोडून द्यायचा. त्या तुकड्यावर पोराने घर उभं करायचं, घरावर छप्पर चढलं की मुलीकडचे मुलगी पाठवणार. छप्पर नाही तर नवरी नाही. रुतेबुकाची जमीन होती तरी केवढी! त्याच्या बापाने त्याला दिली तेव्हाच ती लांबट चिरगुटासारखी होती. तरीही त्याने मन घट्ट करून तिच्यातला भिंतीलगतचा तुकडा पोराला दिला, कारण त्या तुकड्यावर निलगिरीची सरळसोट झाडं उभी होती. कायितारे रांगत होता तेव्हा लावलेली. पुढे त्यांचे वासे करायचे, या हिशेबानेच लावलेली. कायितारे दर रविवारी त्या झाडांखाली जाऊन खोडं कवेत घेऊन जाडी बघायचा. मुलीपेक्षा झाडांवरच याचं प्रेम जास्त, असं गावातल्या बायका म्हणायच्या.

मग एका सकाळी गिहांगाच्या कुटुंबाच्या अंथरुणांत एक अंथरूण कमी भरलं.

रुतेबुकाने पुन्हा पाहिलं, खाली वाकून पाहिलं, आणि तिथेच बसला. गातेराच्या तोंडावर नेहमी एखादी टिंगल तयार असायची, पण त्यानेही त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. इंकिंगी गेला होता. आदल्या संध्याकाळी तो उतारावरून खाली उतरल्याच्या खुणा होत्या, आणि बेझा, त्याची आई, त्या खुणांकडे पाठ करून लहान पिल्लाला पाजत बसली होती.

कुटुंब सोडलेल्या एकट्या नराचीही रोज खबर ठेवावी लागते. शिकाऱ्यांच्या फासात अडकू नये, दुसऱ्या कुटुंबाच्या म्होरक्याने फाडू नये, एवढं तरी कळावं. "मी जातो त्याच्या मागावर," रुतेबुका म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाला तोंड उघडू न देता निघालासुद्धा. गातेरा मुकाट त्याच्या मागून गेला.

एकटा नर बहुधा पाय नेईल तिकडे जातो. डोंगर ओलांडतो, नवी रानं बघतो, दुसऱ्या कुटुंबांच्या आसपास घुटमळतो, मार खातो, पुन्हा जातो. कधीतरी एखादी मादी तिचं घर सोडून त्याच्याकडे येते आणि त्याचं घर सुरू होतं. ही सगळी वणवण त्याला एकट्यानेच करायची असते. इंकिंगीने यातलं काहीच केलं नाही. तो भिंतीला लागून, जंगलाच्या बाजूच्या बांबूच्या पट्ट्यात रिकामा फिरत राहिला. रुतेबुकाचा हुंकार ऐकला की थांबायचा, उत्तर द्यायचा, आणि खाली बसून खायला लागायचा. रुतेबुका निघाला की तोही थोडं अंतर ठेवून मागे मागे यायचा.

"शहाणं पोर आहे," रुतेबुका म्हणाला. "माझ्या नजरेआड जात नाही."

"लोकांचे नर डोंगर पालथे घालतात," गातेरा म्हणाला. "आपला मात्र तुझं बोट धरून फिरतोय. सांभाळ बरं, उद्या शाळेत घालायला सांगेल."

रुतेबुकाला हे कौतुकच वाटलं. लाडाने माणूस आंधळा होतो असं उगीच म्हणत नाहीत. इथे तर तो बहिराही झाला होता.

पहिलं झाड सोललं गेलं तेव्हा सगळ्यांनी वाटेने जाणाऱ्या शेळ्यांवर आळ घेतला. पण शेळी काही पुरुषभर उंचीवरची साल काढत नाही. दुसऱ्या दिवशी कायितारेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भिंत चढून इंकिंगी आत आला होता आणि निलगिरीला मिठी मारून दातांनी सालीच्या लांब पट्ट्या ओढत होता, आतला गोड रस चाटत होता. बटाट्याच्या शेतात त्याने पाऊलही टाकलं नव्हतं. पण साल गेलेलं झाड वाळतं, आणि कोवळं वाळलेलं लाकूड तडकतं. छपराला ते कसं चालणार?

कायितारे घरी आला तो लालबुंद होऊन.

"बाबा, तुमचा तो खांब माझे खांब खातोय!"

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारता? ज्याची नाळ तुम्ही कापल्यासारखं सांगत असता गावभर, तो! अर्धी झाडं नागडी करून ठेवलीत."

रुतेबुका पळत गेला. इंकिंगी तोवर भिंतीपलीकडे गेला होता. झाडांची पांढरी अंगं बघून रुतेबुका एकेका खोडावरून हात फिरवत गेला, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी, चोरून, त्याला थोडं बरंही वाटलं. पोरगं माझ्या घराजवळ आलं, असा विचार त्याच्या मनात चमकून गेला. त्याची त्याला लगेच लाज वाटली.

गावाला मात्र आयतंच चघळायला मिळालं. "गोरिलाला बापाने वाटा दिला नाही," लोक म्हणायचे, "तेव्हा तो रुतेबुकाकडे मागायला आलाय. रीतच आहे." शेजारची मुकारुसिने नावाची म्हातारी तर रस्त्यात अडवून म्हणाली, "काय रे रुतेबुका, धाकट्या केसाळ पोराला भिंतीलगतचा तुकडा आणि थोरल्या कायितारेला काय, माझं शेत देणार काय? माझी नातवंडं अंगणात खेळतात. सगळी शेंबडी आहेत मेली, पण माझी आहेत."

"आजी, तो कुणाला काही करत नाही."

"तो नाही करायचा. पण माणसं करतील ना!"

म्हातारीने मर्मावर बोट ठेवलं होतं. दोनच दिवसांत इंकिंगीच्या भुवईवर जखम दिसली. कुणीतरी दगड मारला होता. कुणी, ते कुणी सांगेना. राखीव जंगलाच्या प्राण्यांच्या डॉक्टर इंगाबिरे आल्या, दुर्बिणीतून त्यांनी जखम पाहिली, झाडं पाहिली, अंगणातली शेंबडी पोरंही पाहिली.

"जखम भरेल," त्या म्हणाल्या. "मला भीती दगडाची नाही, शिंकेची आहे. या पोरांची सर्दी त्याला लागली तर ती छातीत उतरते, आणि मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही. शिवाय आज दगड आला, उद्या भाला येईल. त्याला इथून हलवायलाच हवं."

"झोपेचं औषध देऊन वर नेऊन सोडला तर?" गातेराने विचारलं.

"सोडेन. आणि तो परत येईल. इथे त्याला काय ओढतंय तेच मला कळत नाहीये. निलगिरी तर भिंतीभर आहे, याला याच घरामागची का हवी?"

रुतेबुका भिंतीवरून निसटलेला एक दगड उचलून परत जागी बसवत राहिला.

उत्तर मिळालं ते त्याच दिवशी संध्याकाळी, ऊन कलायच्या वेळेला. घरची सगळी अंगणात बसली होती. मुकांकुसी उकडलेले बटाटे आणि घेवडा वाढत होती. कायितारे तोंड फुगवून बसला होता.

"कायितारेचे बाबा, घेवडा वाढू का अजून?" मुकांकुसीने विचारलं.

"म्म्... हं," रुतेबुका म्हणाला.

"म्म्... हं," निलगिरीतून आवाज आला.

मुकांकुसीच्या हातातला डाव तसाच राहिला. कायितारेने बापाकडे पाहिलं, मग झाडांकडे. झाडांच्या सावलीत काळं काहीतरी बसलं होतं, भिंतीच्या अलीकडे, अगदी निवांत, घरातलंच कुणी उशिरा जेवायला येऊन बसावं तसं.

रुतेबुकाचा घास घशातच अडकला. खोकला आला, आणि तो दाबताना त्याच्या घशातून पुन्हा एक बारीक हुंकार निसटला. झाडांतून पुन्हा उत्तर आलं. आणखी जवळून.

"तुम्हीच बोलावताय त्याला," कायितारे हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि रागापेक्षा ते फार वाईट होतं. "रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हीच बोलावताय. माझा वाटा तुम्ही त्याला दिलात, बाबा."

रुतेबुकाच्या डोळ्यांपुढून सगळे दिवस सर्रकन गेले. बापाने हाकललं, त्या हाकलण्याने पोर निघालंही होतं. दोन डोंगर ओलांडून गेलं असतं. आपण मध्ये बसून त्याला रोज सांगत राहिलो, मी इथे आहे, सगळं ठीक आहे. सगळं कुठे ठीक होतं? एकट्याला जे एकटेपण जाळून पुढे ढकलतं, त्यावर आपण रोज पाणी ओतत होतो. लाड केला आणि दगडांच्या माऱ्यात आणून बसवलं. त्या रात्री त्याने जेवण पुरं केलं नाही, आणि बायकोच्या प्रश्नांना मानेने उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी तो मागावर गेला तो ओठ शिवून. इंकिंगी हुंकारला. रुतेबुकाने उत्तर दिलं नाही. इंकिंगीने वाट पाहिली, देठ हातात तसाच धरून. पुन्हा हुंकारला, जरा मोठ्याने, ऐकू गेलं नसेल म्हणून. रुतेबुका जमिनीकडे बघत राहिला. तेव्हा इंकिंगी उठून जवळ यायला लागला. नियमाचं अंतर संपलं, रुतेबुका मागे सरकला, इंकिंगी पुढे आला, आणि मान वाकडी करून त्याच्या मास्कखालच्या तोंडाकडे निरखून बघू लागला. आजारी माणसाकडे घरचं माणूस बघतं, तसंच.

"हे तर उलटंच झालं," परत येताना गातेरा म्हणाला. "गप्प बसलास तर अजून चिकटतोय."

"माझ्या तोंडाला काय झालंय ते बघत होता तो."

"हो, पण आता काय करायचं?"

करायचं काय ते डॉक्टरबाईंनी ठरवलं. गावातली माणसं आणि माग काढणारे मिळून ओळ करायची, काठ्यांनी झुडपं बडवत, डबे वाजवत त्याला भिंतीपलीकडे आणि बांबूच्याही वर रेटत न्यायचं. रानरेड्यांना असंच रेटतात. सकाळी ओळ उभी राहिली. कायितारे आला होता, मुकारुसिने आजीचे दोन मुलगे आले होते, आणि सगळ्यांच्या तोंडाला डॉक्टरबाईंनी मास्क लावले होते. कायितारेच्या उजव्या मुठीत दगड होता. रुतेबुकाला तो दिसला. इंकिंगीच्या भुवईवरची जखम कुणी केली, तेही त्याला त्या क्षणी कळलं. पण आपल्या पोराला काय बोलणार? बोलायला तोंड कुठे उरलं होतं?

डबे वाजायला लागले. इंकिंगी भिंत ओलांडून पलीकडे गेला खरा, पण बांबूशी जाऊन थांबला. आरडाओरड करणारी ओळ पुढे सरकली. तो थोडा मागे गेला, गोंधळून एका बाजूला पळाला, छातीवर हात आपटले, मग ओळीतले चेहरे एकेक करत बघू लागला. सगळ्यांची अर्धी तोंडं झाकलेली. तरी त्याने रुतेबुकाला ओळखलं. आणि एवढ्या गोंगाटात, डब्यांच्या आणि काठ्यांच्या त्या कालव्यात, तो सरळ त्याच्याकडे चालत आला. डबे आपोआप थांबले. कोणाचा हातच वर उठेना.

इंकिंगी रुतेबुकासमोर येऊन बसला. त्याच्या छातीचा भाता चालू होता. "म्म्... हं," तो म्हणाला, अगदी बारीक आवाजात.

गातेरा कुजबुजला, "रुतेबुका, मागे हो."

रुतेबुका मागे झाला नाही. त्याने हातातला वाट काढायचा कोयता खाली टाकला, दोन्ही हातांच्या मुठी जमिनीवर टेकल्या, खांदे फुगवले, पोराच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि घशाच्या तळातून कोरडा, तुटक खोकला काढला. एकदा. मग पुन्हा, आणखी कडक.

माग काढणारे हा आवाज कधी काढत नाहीत. सगळ्यांना येतो, पण कुणी काढत नाही, कारण हा धमकीचा आवाज आहे आणि गोरिलाला धमकावणारा माणूस घरी परतेलच असं नाही. कायितारेच्या मुठीतला दगड त्याच्याही नकळत खाली पडला.

इंकिंगी हलला नाही. त्याने बापाकडून हा खोकला किती वेळा ऐकला होता, आणि दर वेळी हा माणूस शेजारी येऊन सगळं ठीक आहे म्हणाला होता. आता याच माणसाच्या तोंडून तोच खोकला. त्याचे ओठ आत वळले, नजर खाली गेली. तो थोडा तिरपा झाला, मार खाल्लेलं पोर होतं तसा, आणि जमिनीवरचं एक पान उचलून उगाच तोंडात घातलं. ते त्याने चावलंच नाही.

"जा," रुतेबुका मनातल्या मनात ओरडत होता. "जा रे बाळा, जा, जा." तोंडाने मात्र तो तिसऱ्यांदा खोकला आणि दोन पावलं त्याच्या अंगावर धावून गेला.

इंकिंगी उठला. पाठ फिरवली. धावला नाही, चालत गेला. एकदा थांबला, मागे न बघता, नुसता कान देऊन. रुतेबुकाने तळहात तोंडावर इतका दाबला की दात ओठात रुतले. रडूही हुंकारासारखंच घशातून येतं, त्याची त्याला भीती वाटत होती. एक बारीक आवाज निसटला असता तर ते पोर वळलं असतं. बांबूचे शेंडे हलत हलत वर गेले, आणखी वर गेले, आणि मग नुसता वारा राहिला.

कायितारे बापाजवळ आला. त्याला वाटलं होतं तसा त्याला आनंद झाला नव्हता. "बाबा," तो म्हणाला, "चला. खाली चला." त्याने बापाचा कोयता उचलला आणि दुसऱ्या हाताने त्याचं कोपर धरलं.

रुतेबुकाने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंना सांगून आपली नेमणूक डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाच्या कुटुंबावर करून घेतली. "त्याला माझा आवाज ऐकू जाता कामा नये," एवढंच कारण त्याने दिलं. त्यांनी वहीत नाव बदललं. इंकिंगीचा माग काढायचं काम गातेराकडे गेलं. गातेरा संध्याकाळी घरी जाताना वाट वाकडी करून यायचा आणि कुंपणापाशी उभा राहून सांगायचा. "वर गेलाय. बांबू सोडला." मग "खिंडीपर्यंत पोचला. एकटाच झोपतोय." मग एकदा, "पलीकडच्या कुटुंबाजवळ गेला होता, त्यांच्या म्होरक्याने चांगलाच चोपला. दंडाला लागलंय, पण चालतोय." त्या दिवशी रुतेबुकाने रात्रभर कूस बदलली. मुकांकुसीने एकदाही टोमणा मारला नाही. मग दोन पावसाळे गातेरा रिकाम्या हाताने येत राहिला. इंकिंगी देशाच्या सीमेपलीकडे गेला असावा, एवढंच तो म्हणायचा, आणि रुतेबुका नुसता मान हलवायचा.

मुलीकडच्यांनी वाट बघायचं कबूल केलं, पण तोंड वाकडं करून. दोन हंगाम भावाभावांत उसनवारी करून, मुकारुसिने आजीच्या झाडांतून चार वासे तिच्या शिव्यांसकट घेऊन, कायितारेचं घर एकदाचं उभं राहत होतं. बाप पोराच्या भिंतींचा चिखल पायांनी तुडवत होता. गातेरा आला तो कुंपणापाशी थांबला नाही, सरळ आत आला.

"सापडला," तो म्हणाला. "आणि दोन अंथरुणं होती."

रुतेबुकाचे पाय चिखलात थांबले. "दोन?"

"एकमेकांना लागून. दुसरं मादीचं. मी तिला पाहिलं, तरुण आहे, नाकावर डाग आहे. पलीकडच्या कुटुंबातलीच. म्हणजे ज्याने चोपलं त्याच्याच घरातून घेऊन गेला बघ तुझा पोरगा!" गातेरा एवढा हसला की त्याला खोकला आला. "चल उद्या माझ्याबरोबर. लांबून बघू, तोंड मिटून."

रुतेबुकाने चिखलातून एक पाय उपसला, पुन्हा तिथेच रोवला. त्याला जायचं होतं. जगात त्याला दुसरं काही नकोच होतं.

"नको," तो म्हणाला. "मला घसा आवरता यायचा नाही."

गातेराने पुन्हा आग्रह केला नाही.

"त्याची पाठ?" रुतेबुकाने विचारलं.

"व्हायला लागलीय पांढरी. कमरेपासून वर चढतेय. उन्हात बसला होता तेव्हा मला आधी गिहांगाच वाटला."

"बापासारखी?"

"हुबेहूब बापासारखी."

कायितारे वरच्या वाशावर बसून बघत होता. रुतेबुका घोट्याएवढ्या चिखलात उभा होता, हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, आणि तो रडत होता, मोठ्याने, घसा मोकळा सोडून. इथून इंकिंगीला ऐकू जाणार नव्हतं.